पडद्यावर मांडलेला पट

सुट्टीला घरी आलेला मुलगा रात्रीची जेवणे आटोपल्यावर खोलीचे दार लोटून घेतो, संगणकापुढे बसून कानांना हेडफोन लावतो, आणि थोड्याच वेळात आतून चमत्कारिक वाक्ये ऐकू येऊ लागतात. "मी मशाल पेटवतो." "पलीकडे कोणी श्वास घेत आहे का?" "तिघांनी दार धरा, मी मंत्र म्हणतो." आई दाराशी क्षणभर थांबते आणि काळजीत पडून स्वयंपाकघरात परतते. शहरांतून पुष्कळ वर्षे चालत आलेला हा प्रकार आता खेड्यापाड्यांतील घरांतही शिरू लागला आहे. तेव्हा हा मुलगा नेमके काय करीत असतो, आणि ज्या यंत्राच्या आधाराने तो ते करतो त्या यंत्राने मूळ खेळाचे काय केले आहे, हे वाचकांपुढे मांडावे असे आम्हास वाटले.

खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. डन्जन म्हणजे किल्ल्याखालची अंधारकोठडी. ड्रॅगन म्हणजे युरोपी लोककथांतला पंख असलेला, मुखातून अग्नी ओकणारा अजस्र सर्प. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे एक लहान गाव आहे. तेथील गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटा राज्यातील डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो रचला आणि १९७४ साली प्रसिद्ध केला. दोघांनाही खेळण्यातले शिपाई मांडून लुटुपुटीची युद्धे खेळण्याचा नाद होता. त्या युद्धांत एकेका खेळाडूच्या हाताखाली सबंध पलटण असे. यांनी पलटण काढून घेतली आणि प्रत्येकाच्या हाती एकच माणूस दिला. बदल दिसावयास लहान, परंतु त्याने सारेच पालटले. कारण पलटणीला गाव नसते, आई नसते, भीती नसते, आणि एका माणसाला ही सर्व असतात. पहिली आवृत्ती अवघ्या १,००० प्रतींची होती: एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, किंमत १० डॉलर.

हा खेळ कसा चालतो? चारपाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक, तर कोणी प्रार्थनेच्या बळावर जखमा बऱ्या करणारा धर्मोपदेशक. सूत्रधार सांगतो, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आतून थंड वारा येत आहे, काय करता?" पुढची कथा खेळाडूंच्या उत्तरांवर चालते. गोव्यात आणि दक्षिण कोकणात ज्यांनी दशावतारी नाटके पाहिली आहेत त्यांना हे परके वाटू नये. तेथेही कथानकाचा सांगाडा तेवढा ठरलेला असतो आणि संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या जुळवतात. फरक इतकाच की येथे प्रेक्षक नाहीत आणि शेवट कोणालाच, सूत्रधारालादेखील, ठाऊक नसतो.

शेवट ठाऊक नसण्याचे कारण फासे. आपल्या सारीपाटाच्या फाशांहून हे निराळे. ग्रीक भूमितीने सांगितलेले पाच सुसम घन आहेत: ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंचे. ते पाचही या खेळात फासे म्हणून वापरतात. प्रारंभीच्या काळी गायगॅक्सला ते शालेय साहित्य विकणाऱ्यांच्या सूचिपत्रात सापडले होते. १० बाजूंचा फासा मागाहून आला. योद्ध्याने तलवार उगारली की २० बाजूंचा फासा पडतो, त्यात त्याच्या बळाचा आणि कौशल्याचा अंक मिळवतात, आणि बेरीज शत्रूच्या चिलखताच्या अंकाइतकी किंवा त्याहून अधिक झाली तर घाव लागतो. मग दुसरा फासा टाकून घाव किती खोल ते ठरवायचे आणि शत्रूच्या प्राणांकातून तेवढे वजा करायचे. तीन साध्या फाशांची बेरीज १८ यावी असा योग २१६ शक्यतांपैकी एकच असतो. असे १८ बळ घेऊन जन्मलेले पात्र मिळाले की खेळाडू ते वर्षानुवर्षे जपतो.

आता आईच्या काळजीविषयी, कारण ती काळजी नवी नाही. १९७९ साली मिशिगन राज्यातील एका विद्यापीठाचा विद्यार्थी नाहीसा झाला. तो हाच खेळ खेळता खेळता विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत हरवला, अशी बातमी वर्तमानपत्रांनी उठवली. मुलगा महिन्याभराने जिवंत सापडला. त्याच्या निघून जाण्याची कारणे त्याच्या खाजगी दुःखांत होती, खेळात नव्हती. परंतु बातमी मागे फिरत नाही. पुढे १९८३ साली, मुलाच्या आत्महत्येने खचलेल्या एका मातेने या खेळाविरुद्ध संघटना उभी केली, आणि त्या दशकात अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती घरांत हा खेळ म्हणजे सैतानाचे दार, असे मानले गेले. प्रकाशकांनी इतकी धास्ती घेतली की १९८९ च्या आवृत्तीत सैतान आणि पिशाच्च या अर्थाचे शब्दच गाळून त्या प्राण्यांना बनावट नावे दिली. खेळामुळे मुले जीव देतात असे अभ्यासातून कोठेही सिद्ध झाले नाही. त्या मातेच्या दुःखाची थट्टा आम्ही करणार नाही. तथापि खरे कारण दृष्टीआड होऊन दोष एका खोक्यावर गेला, एवढे म्हणणे प्राप्त आहे. शिवाय या खेळातले बुटके, लांब कानांचे वनवासी आणि पाताळातले राक्षस यांपैकी बरेच जण जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांतून आलेले आहेत, आणि टॉल्किन हे निष्ठावंत कॅथलिक होते. त्यांच्या 'हॉबिट' या शब्दाचा हक्क दुसऱ्यांकडे असल्याने खेळाला तो बदलून 'हाफलिंग' असा शब्द घ्यावा लागला.

असो. खेळ जितका मनोरंजक तितकाच तो सूत्रधाराच्या दृष्टीने कष्टाचा. पाच वीर आणि आठ राक्षस यांची गाठ पडली की १३ जणांचा क्रम लावा, १३ जणांचे प्राणांक लिहा, कोणावर कोणता मंत्र अजून चालू आहे ते ध्यानात ठेवा, आणि प्रत्येक घावाला बेरीज-वजाबाकी करा. खेळातील लढाईची एक फेरी सहा सेकंदांची मानतात. टेबलावर त्या सहा सेकंदांना कधीकधी अर्धा तास लागतो. एवढ्यात चोराची भूमिका घेतलेला मुलगा जांभई देऊ लागतो. हा हिशेब यंत्राकडे सोपवावा हा विचार कोणालाही सुचण्यासारखा होता. १९९६ साली प्रकाशकांनी नियमांची सीडी काढली. २००० च्या नव्या आवृत्तीच्या पुस्तकाबरोबर पात्र तयार करण्याची छोटी प्रणाली चकतीवर मिळे. परंतु या सोयी म्हणजे केवळ कारकून होत्या. खेळ अजून टेबलावरच होता.

टेबलच पडद्यावर नेण्याचे काम इतरांनी केले. 'फँटसी ग्राउंड्स' ही प्रणाली २००४ साली आली. त्यानंतर २०१२ साली 'रोल-ट्वेंटी' निघाली. तिची जन्मकथा आम्हास विशेष हृद्य वाटते. विद्यापीठात एकत्र राहिलेले आणि एकत्र खेळणारे तीन मित्र पोटापाण्यासाठी वेगवेगळ्या गावी पांगले. खेळ मोडू नये म्हणून त्यांनी स्वतःपुरते एक साधन बनवले आणि लोकवर्गणी मागून ते सर्वांना खुले केले. संगणकावर वेगळे काही न चढवता ते नेहमीच्या ब्राउझरमध्येच उघडते, आणि प्राथमिक वापर फुकट आहे. ज्यांचा एक मुलगा आखातात, दुसरा पुण्यास आणि मुलगी कॅनडात आहे, अशा घरांना या साधनाची मूळ प्रेरणा समजावून सांगावी लागणार नाही. २०२० साली महामारीने जगाला घरांत कोंडले तेव्हा जे कधीही पडद्यावर खेळले नसते तेही या पटांकडे वळले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात 'फाउंड्री' नावाची प्रणाली विक्रीस आली, आणि 'आउलबेअर रोडिओ' हा अगदी साधा पटही त्याच वर्षीचा.

या पटावर काय दिसते ते सांगितले पाहिजे. पडद्यावर चौकटी आखलेला नकाशा असतो. एक चौकट म्हणजे पाच फूट. त्यावर प्रत्येक पात्राची सोंगटी. कडेला पात्राची पत्रिका: बळ, चपळाई, बुद्धी, प्राणांक, जवळची दोरी आणि उरलेले बाण. शत्रूवर टिचकी मारली की फासा पडतो, बेरीज होते आणि प्राणांक आपोआप उतरतात. परंतु सर्वांत नवलाची गोष्ट उजेडाची. सूत्रधार नकाशावरच्या भिंती रेघांनी आखून ठेवतो. खेळाडूंना त्या रेघा दिसत नाहीत. ज्याच्या हाती मशाल आहे त्याच्या सोंगटीभोवती २० फूट लख्ख प्रकाश आणि त्यापुढे आणखी २० फूट अंधूक उजेड पडतो. ज्याच्या जातीला अंधारात ६० फूट दिसण्याचे वरदान आहे त्याला तेवढे दिसते. कोपऱ्याआड दबलेला राक्षस ज्याच्या दृष्टीच्या रेषेत येतो त्याच्याच पडद्यावर उमटतो. एकाच पटाची पाच जणांना पाच चित्रे! पूर्वी सूत्रधार नकाशावर कागदाचे कपटे ठेवून ते एकेक उचलत असे, किंवा तो तोंडाने वर्णन करी आणि खेळाडूंपैकी एक जण आलेखाच्या कागदावर नकाशा काढी. तो नकाशा बहुधा चुके, आणि चुकलेल्या नकाशावरून निम्मी धमाल उडे.

फाशांविषयी मात्र खेळाडूंचा संशय पुरता गेलेला नाही. यंत्राचा फासा म्हणजे गणिती सूत्रातून काढलेला आकडा, आणि सूत्रातून निघालेली गोष्ट खरी यदृच्छा कशी असेल? हा आक्षेप इतका जुना आहे की रोल-ट्वेंटीने आपले आकडे प्रकाशाच्या दुभंगलेल्या किरणातील सूक्ष्म चढउतारांवरून घेण्याची व्यवस्था केली. व्यवहारात चांगले सूत्र पुरेसे असते. तरीही लागोपाठ तीनदा १ पडला की दोष यंत्राचाच! आमच्या मते यात गणिताचा प्रश्न नाहीच. हातातला फासा चुकला तर आपला हात चुकलेला असतो. पडद्यावरचा फासा कोणाच्याच हाताचा नसतो.

लाभ आहेत आणि ते मोठे आहेत. परगावचे मित्र एकत्र येतात. ज्याचे हात थरथरतात त्याला फासे गोळा करावे लागत नाहीत, ज्याला कमी दिसते त्याला अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात, अंथरुणाला खिळलेल्यालाही वीर होता येते. गणिताला बिचकणारी मुलगी गणित यंत्राकडे सोपवून कथेकडे लक्ष देते. येथवर आमची काहीच तक्रार नाही.

तक्रार पुढे सुरू होते. ज्या सूत्रधाराने तीन रात्री जागून गुहेच्या भिंती, दिवे आणि सापळे पटावर मांडले आहेत, त्याचे खेळाडू गुहेपाशी येऊन म्हणाले, "आम्हांस आत जायचे नाही, डोंगरापलीकडच्या गावी काय चालले आहे ते पाहू," तर? त्या गावाचे चित्र तयार नाही. पूर्वी सूत्रधार क्षणभर विचार करून म्हणे, "बरे, गावात आज बाजार आहे." आता ते त्याच्या जिवावर येते. तो हळूच वादळ आणतो, पूल मोडतो, आणि मंडळींना गुहेकडे वळवतो. खेळाडूंना कळतही नाही की त्यांची मोकळीक चित्राने आखून टाकली. शिवाय नकाशा समोर आला की डोळे सोंगटीला चिकटतात. "मी त्याची समजूत घालतो", "मी त्याला भाकर देऊ करतो" असली उत्तरे कमी होतात आणि "मी दोन चौकटी पुढे सरतो" हे वाढते. जाणते सूत्रधार म्हणून लढाईपुरता नकाशा उघडतात आणि एरवी पडद्यावर एखादे चित्र ठेवून नुसते बोलतात. आम्हास त्यांची ही रीत पसंत आहे. हिशेब यंत्राचा, कथा माणसाची.

गंमत अशी की हाच मुद्दा २०२३ च्या जानेवारीत खुद्द खेळाच्या मालकांनी मांडला, पण तो वेगळ्याच हेतूने. खेळाचे हक्क १९९७ पासून 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीकडे आहेत आणि १९९९ साली ती कंपनी 'हॅस्ब्रो' या खेळणी बनवणाऱ्या बड्या कंपनीने विकत घेतली. २००० साली विझार्ड्सने एक उदार परवाना दिला होता: खेळाचे मूळ नियम कोणीही वापरावे, त्यांवर आपली पुस्तके काढावी. त्यावर शेकडो लहान प्रकाशकांचे संसार उभे राहिले. २०२३ मध्ये तो परवाना बदलण्याचा मसुदा फुटला. वर्षाला ७,५०,००० डॉलरांहून अधिक मिळकत होणाऱ्यांनी वरच्या रकमेवर हिस्सा द्यावा, अशी त्यात अट होती. मागाहूनच्या मसुद्यात पडद्यावरच्या पटांसाठी निराळे नियम आले. 'मॅजिक मिसाइल' या मंत्राचे वर्णन पटावर लिहिलेले चालेल. परंतु मंत्राचा बाण झेप घेऊन शत्रूवर आदळताना हलत्या चित्रात दाखवला तर ते चालणार नाही, कारण तसे चित्र टेबलावर नसते, ते कल्पनेची जागा घेते. बोल शहाणपणाचे! मात्र त्याच सुमारास कंपनी स्वतःचा त्रिमितीय, झगमगता पट बनवीत होती, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. कल्पनाशक्तीचे रक्षण शेजाऱ्याच्या घरी करायचे आणि आपल्या घरी चित्रांची जत्रा भरवायची, असा तो प्रकार होता.

खेळाडू चिडले. अनेकांनी कंपनीच्या 'डी अँड डी बियाँड' या संकेतस्थळाची वर्गणी बंद केली. मत मागवले तेव्हा १५,००० हून अधिक लोकांनी लिहून कळवले. २७ जानेवारी २०२३ रोजी कंपनीने माघार घेतली, जुना परवाना जसाच्या तसा ठेवला, आणि त्यापुढे जाऊन मूळ नियमांची सुमारे ४०० पानांची संहिता अशा सार्वजनिक परवान्याखाली दिली की जो पुन्हा मागे घेता येत नाही. त्या त्रिमितीय पटाचे काय झाले म्हणाल, तर 'सिजिल' या नावाने तो २०२५ च्या फेब्रुवारीत बाहेर पडला आणि पुढच्याच महिन्यात त्यावर काम करणाऱ्या बहुतेकांना घरी पाठवण्यात आले.

या संकेतस्थळाची आणखी एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती केवळ खेळाडूंची नाही. डी अँड डी बियाँड २०१७ साली दुसऱ्याच कंपनीने काढले होते. हॅस्ब्रोने ते २०२२ साली १४ कोटी ६३ लाख डॉलरांना घेतले. तेथे खेळाडू नियमपुस्तके विकत घेतात आणि त्यांवरून पात्रांच्या पत्रिका तयार करतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने जाहीर केले की नवी आवृत्ती येताच पत्रिकांतील मंत्रांचे आणि जादूच्या वस्तूंचे जुने नियम जाऊन त्यांच्या जागी नवे येतील. लोकांनी पैसे जुन्या पुस्तकासाठी मोजले होते! आरडाओरडा झाल्यावर काही दिवसांतच तो बेत मागे घेतला गेला. परंतु आपल्या कपाटातल्या पुस्तकाची पाने रात्रीतून कोणी बदलू शकेल, हे त्या आठवड्यात पुष्कळांना प्रथमच उमगले. कागदी पुस्तक आपण विकत घेतो. पडद्यावरचे पुस्तक वाचण्याची आपल्याला मुभा मिळते. मुलांना हा भेद समजावून द्यावा. फाउंड्रीसारखी साधने एकदाच, सुमारे ५० डॉलरांना, तीही फक्त सूत्रधाराने घ्यायची असतात आणि त्याच्याच संगणकावर चालतात. बाकीचे फुकट खेळतात. गुंतागुंत थोडी अधिक, पण कुलपाची किल्ली आपल्याच कमरेला.

सूत्रधारही यंत्रच झाला तर, असे कोणी विचारील. तोही प्रयोग झाला आहे. २०१९ साली अमेरिकेतील ब्रिगॅम यंग विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने 'एआय डन्जन' काढले. त्यात माणूस एकटा बसून वाक्ये लिहितो आणि यंत्र कथा पुढे नेते. त्या पहिल्या यंत्राला मागचे विसरण्याची खोड होती. पाच परिच्छेदांपूर्वी मेलेला राजा ते पुन्हा दरबारात आणी. आताची यंत्रे पुष्कळ सुधारली आहेत, आणि गावांची नावे सुचवण्यास किंवा मागच्या बैठकीचा गोषवारा काढण्यास सूत्रधार त्यांचा उपयोग करून घेतात. परंतु ज्याला आपली मैत्रीण आज उदास आहे हे तिच्या आवाजावरून कळते, आणि म्हणून जो त्या रात्री तिच्या पात्राला हरवलेला भाऊ भेटवतो, तो सूत्रधार टेबलाशी बसलेला माणूस असतो.

राहता राहिल्या व्यवहाराच्या गोष्टी. मुलगा कोणाबरोबर खेळतो ते विचारावे. शाळासोबती, चुलतभाऊ असतील तर निश्चिंत असावे. जाहिरात पाहून जमलेले अनोळखी लोक असतील तर वडीलधाऱ्यांनी एकदोन वेळा जवळ बसून ऐकावे. बैठका तीन-चार तास चालतात. म्हणून परीक्षेच्या दिवसांत वार ठरवून घ्यावा. गावात नेट अडखळत असेल तर भारी पट उघडण्याचा हट्ट नको. नुसत्या आवाजावर, वहीपेन्सिलीवर आणि खऱ्या फाशांवर हा खेळ १९७४ सालासारखाच चालतो. ती ४०० पानांची संहिता इंटरनेटवरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. २०२५ च्या एप्रिलमध्ये नव्या आवृत्तीचे नियमही त्याच परवान्याखाली आले. ते मराठीत आणावयाचे, छापावयाचे, एवढेच काय विकावयाचे म्हटले तरी कोणाची परवानगी काढावी लागत नाही; मूळ कोणाचे आहे ते नमूद करावे आणि आपण काही बदल केला असल्यास तसे सांगावे, म्हणजे झाले.